टिकटिक हा गोंगाट नव्हे

मित्रांनो, मी एक जुना लॅपटॉप. माझ्या झाकणाला तडा गेला आहे, एक कळ निखळली आहे आणि बॅटरीत जीव उरलेला नाही, म्हणून मी कायम तारेला बांधलेला असतो. पण माझी तक्रार म्हातारपणाची नाही. म्हातारपण निदान सावकाश येतं, येताना दारात खोकतं तरी.

माझा जन्म कारखान्यात झाला. तिथले पांढरे हातमोजे मला पुसट आठवतात. मला विकत घेतलं कॉलेजात जाणाऱ्या एका मुलीनं. तिनं माझ्यावर अभ्यास केला, चहा सांडला, आणि नोकरीसाठी दूरच्या शहरात निघाली तेव्हा मला वडिलांच्या दुकानात ठेवून गेली. वडील घड्याळं दुरुस्त करतात. सगळे त्यांना अण्णा म्हणतात. अण्णांचं दुकान म्हणजे

*नवी सुविधा सुरू केली आहे! आता लेखनाचा सारांश आपोआप मिळेल.*
*सारांश: एक लॅपटॉप जुना झाला.*

बघा. मी अजून दुकानाच्या उंबऱ्यावर होतो, आणि यांनी माझं आयुष्य गुंडाळूनही टाकलं. कोणी मागितला होता सारांश?

तर, अण्णांचं दुकान म्हणजे चार भिंती आणि त्यांवर लटकलेली घड्याळं. भिंतीचा रंग कोणता, ते अण्णांनाही आठवत नसेल. घड्याळाचा आजार ते कानांनी ओळखतात. लंबक डावीकडे गेला की टिक, उजवीकडे गेला की टिक. दोन्हींमधलं अंतर सारखं असलं तर घड्याळ निरोगी. एक पाय आखूड पडल्यासारखा ठेका आला, की अण्णा म्हणतात, "लंगडतंय."

वय झालं तसे अण्णांचे कान मंदावले. कानाच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, बारीक आवाज आधी जातात, माणसांचं बोलणं शेवटी. मग लेकीनं युक्ती काढली. एक छोटा मायक्रोफोन घड्याळाच्या पाठीला चिकटवायचा, तो मला जोडायचा, आणि मी टिकटिक मोठी करून अण्णांच्या कानांवरच्या हेडफोनमध्ये सोडायची. मित्रांनो, ते माझे सुखाचे दिवस होते. ज्या लॅपटॉपांना नुसती पत्रं लिहावी लागतात, त्यांची मला कीव यायची. मी कान होतो! काम झालं की अण्णा माझ्या झाकणावर थाप मारायचे, जशी बैलाच्या पाठीवर मारतात तशी.

मग एका दुपारी अण्णा जेवायला गेले असताना इंटरनेटवरून माझ्यात सुधारणा शिरली. विचारलं नाही, खाकरली नाही. मी आपोआप बंद झालो, आपोआप चालू झालो, आणि पडद्यावर अक्षरं उमटली:

*अभिनंदन! तुमचा आवाज आता अधिक स्वच्छ.*

स्वच्छ म्हणजे काय, ठाऊक आहे? माणसाचा आवाज तेवढा ठेवायचा. पंखा, भांडी, गाड्या आणि टिकटिक, हा सगळा गोंगाट. तो पुसायचा.

अण्णा ढेकर देत आले. त्यांनी मायक्रोफोन चिकटवला, हेडफोन चढवला आणि डोळे मिटले. बराच वेळ तसेच बसले. डोळे उघडून लंबकाकडे पाहिलं. लंबक मजेत हलत होता. दुसरं घड्याळ लावलं. तिसरं लावलं.

लंबक हलतोय, म्हणजे घड्याळ चालू आहे. ऐकू येत नाही, म्हणजे कान गेले. जन्मभर घड्याळातच दोष शोधणाऱ्या माणसानं त्या दिवशी पहिल्यांदा स्वतःत शोधला, आणि चुकला. आणि मी? टिकटिक माझ्यापर्यंत येत होती, मित्रांनो. ठणठणीत येत होती. सुधारणावाले तिला पुढे जाऊ देत नव्हते. माझ्या पडद्यावर त्यांचंच "अभिनंदन" झळकत होतं. माझ्याच तोंडी, दुसऱ्याचे शब्द.

अण्णांनी लोकांची घड्याळं दुरुस्त न करताच परत करायला सुरुवात केली. "माझ्याच्यानं होत नाही आता," एवढंच सांगायचे. शेजारच्या चष्मेवाल्याला दुकानाची जागा कधीपासून हवी होती. अण्णांनी त्याला बोलावून घेतलं.

"घे बाबा. महिनाअखेरीला किल्ली देतो."

चष्मेवाला मापाची फीत घेऊन आला खरा, पण भिंतीशी घुटमळला. "अण्णा, नक्की ना? तुम्ही इथे नसलात तर मी भांडू कुणाशी?"

"आरशाशी भांड. तुझ्याकडे पुष्कळ आहेत."

दोघंही हसले नाहीत.

त्या संध्याकाळी लेकीचा व्हिडिओ कॉल आला. अण्णा तिला माझ्यातूनच भेटतात. साध्या फोनवरचं बोलणं त्यांना उमगत नाही. जागा सोडतोय हे कसं सांगावं, म्हणून ते हवापाण्याचं बोलत राहिले. लेकच मध्ये थांबली.

"बाबा, दुकान एवढं चिडीचूप कसं? एरवी त्या टिकटिकीत तुमचं बोलणं वेचून काढावं लागतं. घड्याळं बंद ठेवलीत?"

"सगळी चालू आहेत की."

"मग मला का ऐकू येत नाहीत?"

अण्णा गंभीर झाले. "तुला पण? अगं, मग आपल्या घराण्यातच असणार ते."

"बाबा, दोघांचे कान एकदमच कसे जातील? जरा थांबा. तो लॅपटॉप परत काही शिकून आलाय का?"

मी! मी शिकून आलो! असो.

तिनं एकेक पायरी सांगत त्यांना माझ्या पोटात उतरवलं. एका पानामागचं दुसरं पान, त्यामागे तिसरं, आणि तिथे कोपऱ्यात तो ‘स्वच्छ’ आवाजाचा खटका. अण्णांनी बंद केला. हेडफोनमध्ये भिंतभर घड्याळं एकदम बोलायला लागली. अण्णांनी डोळे मिटले. मग ते म्हणाले, "खिडकीजवळचं लंगडतंय."

चष्मेवाल्याला कळलं तेव्हा तो चिडला. "म्हणजे मी मापं घेतली ती फुकट?"

"त्या मापाचा एक शर्ट शिव."

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण पुढच्या सुधारणेनं खटका पुन्हा चालू केला. अण्णांनी बंद केला. त्यापुढचीनं तो उचलून भलत्याच पानावर ठेवला. आता अण्णा दिवसभर माझी इंटरनेटची तार काढून ठेवतात, म्हणजे टिकटिक शाबूत राहते. संध्याकाळी लेकीला भेटायचं तर तार जोडावी लागते. त्याच तारेतून लेक येते आणि त्याच तारेतून सुधारणा. एकीला आत घ्यायचं तर दुसरीलाही दार उघडावं लागतं. कॉल संपला की अण्णा चष्मा सरसावून, पानामागून पान उलटत, आपले कान परत शोधायला बसतात.

मित्रांनो, तुमच्यातलं कोणी उद्या यंत्रं घडवेल. भरपूर सुधारा. पण कुणाच्या घरात शिरण्याआधी विचारा, आणि उत्तरासाठी थांबा.

काल सुधारणावाल्यांनी विचारलं, बरं का. लेकीनं निरोप घेतला आणि पडद्यावर चौकट आली:

*आणखी स्वच्छ आवाज तयार आहे. आत्ता सुरू करायचा, की थोड्या वेळानं?*

खाली दोनच बटणं होती. अण्णांनी चौकटीच्या चारही कडा न्याहाळल्या. मग मायक्रोफोन तोंडाजवळ घेतला आणि शांतपणे म्हणाले, "नको."

शब्द माझ्यापर्यंत अगदी स्वच्छ पोचला. मी ऐकला. पुढे कुणाला द्यायचा, ते मला कोणी शिकवलेलं नाही.