पाटीवरची खालची ओळ

"चिंच लावून लावून बोटं आंबली माझी. या घरात माणसापेक्षा पाटीचे लाड जास्त. रावसाहेब एकच, घासणाऱ्या मात्र पिढ्यान् पिढ्या!"

सुचिता हे कोणाला ऐकू जावं म्हणून बोलली नव्हती. ती माझ्या इतकी जवळ होती, की तिचा श्वास माझ्यावर वाफेसारखा बसत होता आणि ती तो ओढणीनं पुसत होती. वरची ओळ तिनं खसाखसा घासली. खालच्या ओळीशी आल्यावर मात्र तिचा हात हलका झाला. कालच तिच्या सासऱ्यांची तेरवी झाली होती आणि खालच्या ओळीत त्यांचंच नाव होतं.

मित्रांनो, मी एक जुनी पितळी पाटी आहे. लांबीला हातभर, रुंदीला वीतभर. वरच्या ओळीत मोठ्या अक्षरांत कोरलं आहे 'रावसाहेब' आणि खाली 'चिंतामण पुंजाजी देशमुख'. मेहकरात, एसटी स्टँडच्या मागच्या वसाहतीत, एका तीन खोल्यांच्या घराच्या दाराशेजारी मी राहते. माझ्या डाव्या हाताला विजेचं मीटर आहे, उजव्या हाताला चपलांचा स्टँड. एवढ्या मोठ्या पदवीचा शेजार असा आहे. पण मी तक्रार करत नाही. चपलांच्या शेजारी राहिलं की घरात कोण आलं, कोण रागावून गेलं, हे सगळ्यांत आधी कळतं.

माझा जन्म इंग्रजांच्या राज्यातला. त्या काळी जिल्ह्याचा गोरा साहेब लोणारचं सरोवर पाहायला मोटारीनं निघाला होता. वाटेत काळ्या मातीनं त्याची मोटार चाकांसकट गिळली. मेहकरपासून दोन कोसांवर उकंडराव देशमुखांची शेती होती. त्यांनी बैलांच्या चार जोड्या लावल्या आणि मोटार ओढून काढली. साहेबाला ओट्यावर बसवून पिठलं-भाकर खाऊ घातली. मिरचीनं साहेबाच्या डोळ्यांना धारा लागल्या. त्या भरात म्हणा किंवा खरंच घरची आठवण आली म्हणून म्हणा, तो आपल्या कारकुनामार्फत बोलता झाला. त्याचे वडील विलायतेत लॉर्ड होते. त्यांच्यामागं पदवी, वाडा, जंगल, सगळं थोरल्या भावाला मिळालं. "मी दुसरा, म्हणून इथं चिखलात," असं तो म्हणाला.

दुसऱ्या वर्षी उकंडरावांना 'रावसाहेब' ही पदवी मिळाली. सनदेत त्याचं कारण काहीतरी लोकोपयोगी लिहिलेलं होतं म्हणतात. गावाचं म्हणणं, मोटारीमुळंच मिळाली. उकंडरावांनी सनद काचेत मढवून बैठकीत लावली आणि मला खामगावच्या एका कारागिराकडून घडवून घेतलं. त्यानं छिन्नीनं एकेक अक्षर इतकं खोल घातलं, की पुढं नव्वद वर्षं लहान मुलांची बोटं त्यात फिरत राहिली. कितीतरी जण 'र' काढायला माझ्यावरच शिकले.

उकंडरावांना इंग्रजी येत नव्हतं. पण साहेबाची गोष्ट त्यांनी मनात पक्की धरली होती. लॉर्डाच्या घरी थोरल्याला मिळतं, तर आपल्या घरीही थोरल्यालाच. ते गेले तेव्हा इंग्रज दोन वर्षांपूर्वीच निघून गेले होते. तरी तेरवीच्या दुसऱ्या दिवशी मला खाली उतरवलं. कारागिरानं कानस घेतली आणि माझी खालची ओळ घासून सपाट केली. माझ्या अंगाचा सोनेरी भुगा गोणपाटावर पडला. उकंडराव गेले, हे मला तेव्हा खरं वाटलं. मग त्या जागी थोरल्या लेकाचं नाव आलं, पुंजाजी. वरची ओळ तशीच राहिली. ती घासायची नाही, ही रीत त्या दिवशी पडली.

ओट्यावर नऊ वर्षांची एक मुलगी हे बघत उभी होती. पुंजाजींची थोरली लेक, रुखमा.

"माह्यं नाव कधी येईन?" तिनं विचारलं.

"तुह्यं नाई येत. चिंतामणाचं येईन. पदवी थोरल्या लेकाले."

"पण चिंतामणापेक्षा थोरली तं मी हाव!"

"विलायतेत बी असंच असते," असं सांगून पुंजाजींनी तिला गप्प केलं.

ती हे विसरली नाही. पुंजाजी गेले आणि चिंतामणाचं नाव घालायची वेळ आली, तेव्हा रुखमाबाई माहेरी आल्या होत्या. पदर खोचून दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मंग विलायतेत राणी कशी काय बसली गादीवर? सांगा ना मले कोणी!" रुखमाबाईंना उत्तर द्यायची टाप त्या घरात कोणाचीच नव्हती.

त्या वेळी मला टॉवेलात गुंडाळून मेहकरच्या भांड्यांच्या गल्लीत नेलं होतं. चिंतामणराव सायकल चालवत होते. पुढच्या दांडीवर त्यांचा सात वर्षांचा दीपक बसला होता. मी त्याच्या मांडीवर होते.

"बाबा, तुमच्यानंतर माझं नाव?"

"हो. पण घाई नको करू बापू," चिंतामणराव म्हणाले आणि इतके हसले, की सायकल डळमळली.

चिंतामणराव पंचायत समितीत कारकून होते. शेती भावकीत वाटली गेली होती, मागं उरली ती पदवी. ऑफिसातले लोक हाक मारायचे, "रावसाहेब, ती फाईल आणा बरं!" आणि रावसाहेब उठून फाईल आणायचे. "रावसाहेब, चहा सांगा!" रावसाहेब चहा सांगायचे. संध्याकाळी घरी येऊन ते माझ्यासमोर चप्पल काढायचे, तेव्हा माझ्याकडं बघायचे नाहीत.

आता सनदेबद्दल सांगते. गावचं घर सुटलं तरी ती या घरातही बैठकीत, उघड्या दारातून दिसेल अशी लागली. मला इंग्रजी येत नाही. माझ्या अंगावर आहे तेवढंच बाळबोध येतं. पण एक गोष्ट मी वर्षानुवर्षं पाहिली. घरातलं इंग्रजी येणारं माणूस ती सनद वाचायला लागलं, की एका ठरावीक ओळीवर येऊन थांबायचं. पुंजाजी तिथं थांबायचे आणि चष्मा पुसायचे. चिंतामणराव थांबायचे आणि पंखा लावायचे. चिंतामणरावांची नवी नवरी म्हणून प्रेमलाबाई या घरात आल्या. त्या मॅट्रिक झालेल्या, पुढं शाळेत इंग्रजी शिकवणाऱ्या. पहिल्याच दिवशी त्यांनी सगळी सनद वाचली. त्या ओळीवर थांबल्या, नवऱ्याकडं पाहिलं आणि विचारलं, "चहा घेता का?" त्यानंतर सत्तावन्न वर्षं त्या काचेवरची धूळ पुसत राहिल्या. ओळ कोणी मोठ्यानं वाचली नाही.

आणखी एक गोष्ट फक्त मला आणि प्रेमलाबाईंना माहीत आहे. चिंतामणराव सेवानिवृत्त झाले त्या दिवशी गळ्यात हार, हातात नारळ घेऊन दारात आले. नारळ त्यांनी खाली ठेवला. आजूबाजूला पाहिलं. मग उजवा तळवा माझ्या वरच्या ओळीवर ठेवला. 'रावसाहेब' झाकलं गेलं. उरलं नुसतं 'चिंतामण पुंजाजी देशमुख'. त्यांनी ते वाचलं. पुन्हा वाचलं. चांगली छत्तीस वर्षं ज्यानं फायली उचलल्या, त्या माणसाचं नाव. त्यांचा तळवा गरम होता. आतून प्रेमलाबाई ओवाळायचं ताट घेऊन येत होत्या. त्या उंबऱ्याआतच थांबल्या आणि हलकेच दोन पावलं मागं सरकल्या.

शेवटच्या दोन-तीन वर्षांत चिंतामणरावांना काही आठवेनासं झालं. मलाही हिरवी कळा आली. मीटर वाचायला येणारा माणूस माझ्यावर कागद टेकवून आकडे लिहायचा. एक कोळी माझ्या कोपऱ्यात संसार मांडून गेला. मला वाईट वाटलं नाही, असं म्हणणार नाही. पण चिंतामणराव रोज दुपारी दारातल्या खुर्चीवर बसायचे आणि खालच्या ओळीतून बोट फिरवायचे. 'चिं'पासून 'ख'पर्यंत. स्वतःचं नाव असं विसरत विसरत पाठ करायचे.

मित्रांनो, तुमच्या घरीही आजी-आजोबांच्या नावाचं काही असेल. एखादा तांब्या असेल, पेटी असेल, नाहीतर एखादी कळकट पाटी. ते लख्ख ठेवा, टाकून देऊ नका. पण घासताना आपल्या हाताखालून काय पुसलं जातंय, तेही बघत जा. पितळेला पुन्हा चकाकी आणता येते. गेलेलं अक्षर परत आणता येत नाही.

तर आज सकाळी मी लख्ख झाले आणि अकराच्या सुमारास प्रसेनजित आला. भांड्यांच्या गल्लीत त्याचं दुकान आहे, भांड्यांवर नावं घालतो. प्रेमलाबाईंचा जुना विद्यार्थी. माझे स्क्रू गंजलेले, म्हणून तो हत्यारं घेऊन घरीच आला. त्यानं मला उतरवून सतरंजीवर ठेवलं. शेजारी दीपक मांडी घालून बसला, चोपन्न वर्षांचा, पुण्याच्या कारखान्यातला. रुखमाबाई खुर्चीत. आता त्यांना दिसतं कमी, पण रीत मोडलेली बरोबर दिसते.

प्रसेनजितनं नखानं माझ्या वरच्या भागावर टिचकी मारली. मी घणघणले. खाली मारली, नुसतं टिणटिण झालं. मग मला आडवी धरून त्यानं डोळ्याजवळ नेलं.

"दीपकभाऊ, खालचा पत्रा कागदावाणी झाला. दोनदा घासला हाय. अजून कानस मारली तं आरपार जाईन."

"उलटी करून मागून घालता येईल का?"

"उलटी केली तरी पत्रा तेवढाच ना भाऊ. वर चिक्कार पितळ हाय. खालीच नाई."

"हळू घास," रुखमाबाई म्हणाल्या. "भोक पडलं तं मागून डाग देऊन बुजवजो. पण नाव आजच पडलं पाह्यजे. मले भेटलं नाई म्हून का रीत बुडू देऊ?"

सुचिता हळूच म्हणाली, "अहो, दुसरी पाटी करू ना नवी. आजकाल दिवा लागणाऱ्या मिळतात."

दीपकनं मान हलवली. "नवीवर कोणीही नाव लिहितं गं. तीस वर्षं झाली कंपनीत. गेटवर अजून गळ्यातलं कार्ड बघितल्याशिवाय आत सोडत नाहीत. कार्डावर नंबर मोठा आणि नाव बारीक." त्यानं माझ्या वरच्या ओळीतून बोट फिरवलं, लहानपणी फिरवायचा तसंच. "सात वर्षांचा होतो तेव्हापासून ही जागा माझी आहे, असं धरून चाललोय मी. बाबांनी कबूल केलं होतं." बोलता बोलता त्याचं बोट खाली घसरलं. बाबांचं नाव त्याच्या बोटाखाली आलं होतं.

"घे," तो प्रसेनजितला म्हणाला, पण दुसरीकडं बघत.

प्रसेनजितनं मला गुडघ्यात दाबून धरलं. कानस 'चिं'वर ठेवली. लोखंड गार होतं. मी मनातल्या मनात ते नाव एकदा म्हणून घेतलं.

"थांब रे प्रसेनजित."

प्रेमलाबाई आतून आल्या. हातात सनदेची तसबीर होती. भिंतीवर तिच्या जागी पांढरा चौकोन उरला होता. त्या सतरंजीवर बसल्या. बसायला वेळ लागला. तसबीर त्यांनी दीपकच्या मांडीवर ठेवली आणि काचेवरच्या एका ओळीवर बोट टेकवलं. तीच ओळ.

"वाच."

दीपकनं पाहिलं. त्याचे ओठ हलले आणि थांबले. तोही नेमका तिथंच थांबला. मग चष्मा काढून पुसायला लागला.

"आई, राहू दे ना."

"तुह्ये आजोबा बी असाच चष्मा पुसत," प्रेमलाबाई म्हणाल्या. "यांनी बी वाचलं होतं. मी तं पह्यल्याच दिवशी वाचलं. आम्ही सगळे शिकले-सवरलेले, म्हून कोणी बोललं नाई. आज मी बोलते." त्यांचा आवाज वर्गात धडा वाचताना निघायचा तसा निघाला, स्वच्छ आणि सावकाश. "इथं लिहिलंय, हा मान फक्त तुमचा, तुमच्या एकट्यापुरता. रावसाहेब तुह्ये पणजोबा होते, दीपक. ते गेले त्या दिवशी रावसाहेब संपले. तुह्ये आजोबा रावसाहेब नव्हते. हे नव्हते. तू बी नाहीस."

बाहेर एक एसटी हॉर्न वाजवत गेली.

"म्हंजी," रुखमाबाई पुटपुटल्या, "मी आयुष्यभर भांडली ते कायले?"

सुचितानं त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

प्रेमलाबाईंनी कानस बाजूला सारली. मग आपला तळवा माझ्या वरच्या ओळीवर ठेवला, अगदी तसाच. 'रावसाहेब' झाकलं गेलं. दीपकनं खाली राहिलेलं वाचलं. त्याच्या डोळ्यांतलं पाणी माझ्यावर पडलं, सकाळच्या चिंचेच्या पाण्यापेक्षा गरम.

"घासायचंच असन तं हे वरचं घास," प्रेमलाबाई प्रसेनजितला म्हणाल्या. "इथं पितळ बी चिक्कार हाय. आणि त्या जागी 'दीपक' घाल. खाली त्याच्या बापाचं नाव हाय, ते तसंच राहू दे."