पंच्याऐंशी टक्के

ऑफिसात सगळे तिला मोजपट्टी म्हणत आणि ती ते कौतुक समजे. अकरा वर्षं ती वेबसाइटची पानं बांधत होती. शीर्षक चोवीस पिक्सेल, मजकूर तेरा. एकदा ठरलं की ठरलं. पडद्यावर बोट ठेवून "हे एक पिक्सेल खाली गेलंय" म्हणायची आणि ते खरंच गेलेलं असायचं. घरी सासरे, जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेला माणूस, येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, "आमच्या थोरलीची नजर म्हणजे भिंग आहे, भिंग!"

धाकट्या जावेला नोकरी हवी होती तेव्हा हिनंच साहेबांकडे शब्द टाकला. आपल्याच हातानं पायावर धोंडा पाडून घेतला, हे सहा महिन्यांत कळलं.

शहराच्या बसचं वेळापत्रक हे मोजपट्टीनं बांधलेलं जुनं पान. त्यावर म्हाताऱ्या माणसांच्या तक्रारी आल्या की अक्षरं दिसत नाहीत. साहेबांनी दोघींना बोलावलं.

"तेराचे पंधरा करते," मोजपट्टी म्हणाली.

"पंधरानं काहींचंच भागेल, ताई," धाकटी म्हणाली. "लोकांनी आपापल्या ब्राउझरमध्ये अक्षर मोठं करून ठेवलेलं असतं. आपण पिक्सेल ठोकून बसवले की पान त्यांचं ऐकतच नाही. आकडा न देता प्रमाण देऊया. त्यांचं मूळ अक्षर वाढलं की आपलंही वाढेल."

"मग तूच कर," साहेब म्हणाले. अकरा वर्षांचं काम तीन शब्दांत या टेबलावरून त्या टेबलावर गेलं.

संध्याकाळी जेवताना धाकटीनं घरी तेच सांगितलं. सासरे खूश झाले. "म्हणजे पट्ट्याला भोकं ठेवायची! ज्याचं पोट जसं, तसा तो आवळेल. हुशार आहेस गं!" मग त्यांनी एकामागून एक चार प्रश्न विचारले. मोजपट्टी ते प्रश्न मोजत होती. तिच्या नजरेचं त्यांनी गावभर कौतुक केलं होतं, पण तिच्या कामाबद्दल कधी एक प्रश्न विचारला नव्हता.

चार दिवसांनी साहेबांनी नवं पान तिच्याकडे तपासायला पाठवलं. दोन मिनिटांत तिला चूक दिसली. धाकटीनं प्रत्येक यादीला पंच्याऐंशी टक्के आकार दिला होता. पण मार्गांच्या यादीत थांब्यांची यादी होती आणि थांब्यांच्या पोटात सुट्टीच्या दिवसाच्या वेळांची. प्रत्येक यादी आपल्या बाहेरच्या यादीच्या पंच्याऐंशी टक्के होत होती. ब्राउझरचं नेहमीचं सोळाचं अक्षर तिसऱ्या पायरीवर दहाच्याही खाली उतरत होतं. धाकटीनं पाहिलेल्या मार्गावर सुट्टीची यादीच नव्हती, म्हणून तिच्या लक्षात आलं नव्हतं.

सांगितलं असतं तर दहा मिनिटांचं काम. मोजपट्टीनं ‘तपासलं, ठीक’ असं लिहिलं आणि बटण दाबलं. पडू दे तोंडावर, तिच्या मनात आलं. चार प्रश्न विचारणाऱ्यांनाही कळू दे. त्या दिवशी तिला चहा फार गोड लागला.

सुट्टीच्या दिवशी सासरे आपल्या जुन्या मित्राला भेटायला गेले. परतीची शेवटची बस सव्वाचारची होती. टॅबलेटवर त्यांनी अक्षर मोठं ठेवलं होतं, तरी त्या तिसऱ्या यादीतल्या चाराचा त्यांना पाच दिसला. रिकाम्या थांब्यावर ते दीड तास बसले आणि मग दुखरा गुडघा घेऊन चालत आले. पान धाकटीनं केलेलं, म्हणून त्यांनी त्याला नाव ठेवलं नाही. "माझेच डोळे गेले," म्हणाले. "आता एकट्यानं बाहेर पडणं बंद."

पुढचे तीन दिवस ते खिडकीशी बसून होते. टॅबलेट त्यांनी कपाटात ठेवून दिला. धाकटी तोंडावर पडावी म्हणून रचलेला डाव भलत्याच माणसावर उलटला होता.

चौथ्या सकाळी मोजपट्टी ऑफिसात धाकटीच्या खुर्चीशी जाऊन उभी राहिली. "याद्या एकमेकींच्या मापानं लहान होतायत. माप पानाच्या मुळापासून घे, बाहेरच्या यादीपासून नको."

धाकटीनं पडद्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "हे तुम्हाला आत्ता दिसलं?"

"नाही. तपासलं तेव्हाच दिसलं होतं."

धाकटीनं तिचा ‘तपासलं, ठीक’ हा शेरा पडद्यावर उघडला. मग हळूच म्हणाली, "तुमचा शेरा होता म्हणून मी पुन्हा उघडूनसुद्धा पाहिलं नाही. दुसऱ्या कुणाचा असता तर पाहिलं असतं."

यापेक्षा तिनं चारचौघांत थोबाडीत दिली असती तरी चाललं असतं. दहा मिनिटांत पान सरळ झालं, मग दुपारपर्यंत दोघींनी मिळून एकेक मार्ग उघडून पाहिला, कामापुरतंच बोलल्या.

घरी आल्यावर मोजपट्टीनं कपाटातून टॅबलेट काढला आणि सासऱ्यांच्या हातात दिला. "तुमचे डोळे ठीक आहेत, बाबा. चूक पानात होती. मला माहीत होती आणि मी गप्प बसले."

"का?"

"तुम्ही तिला चार प्रश्न विचारलेत."

त्यांना अर्थ लागायला थोडा वेळ गेला. मग त्यांनी चष्मा काढून पुसला. "गुडघ्याचं सोड. पण चार दिवस मी स्वतःला आंधळा समजत होतो आणि तू जाता-येता बघत होतीस."

त्यांनी टॅबलेट उघडून सव्वाचारची वेळ स्वतः वाचून पाहिली. पुढच्या सुट्टीला ते एकटेच बसनं गेले आणि वेळेवर परत आले.

धाकटीच्या तोंडून ‘ताई’ पुन्हा यायला दोन महिने लागले. साहेबांनी तिला आणखी दोन कामं दिली, तेव्हा मोजपट्टीच्या पोटात पुन्हा तसंच दुखलं. त्या कामांची पानं तपासायला मोजपट्टीकडेच आली. तिनं ती डोळ्यांत तेल घालून पाहिली आणि सतरा चुका एकूण एक लिहून पाठवल्या. लिहिताना तिला थोडा आनंदही झाला, हे ती कुणाजवळ बोलली नाही.