चूलबंद आवतन

लामता गाव ते बालाघाट शहर म्हणजे काही विलायत नव्हे. सकाळच्या गाडीनं निघालेला माणूस बाजार करून, चहा पिऊन, दोन ओळखीच्या माणसांशी भांडून संध्याकाळी घरी परततो. पण आम्रपाली शिलाई मशीन, गॅसची शेगडी आणि लहानगी खुशी घेऊन निघाली, तेव्हा सगळी टोली, म्हणजे त्यांची अख्खी वस्ती, तिला पोचवायला अशी जमली की जणू बाई सातासमुद्रापार चालली आहे. आली नाही ती एकटी सासू. गोदाबाई आतल्या खोलीतूनच म्हणाली, "जाय. चार महिन्यांत परत येशीन."

त्याला आता दोन वर्षं होत आली. परत येणाऱ्यांतली आम्रपाली नव्हतीच.

तिचा नवरा लोकेश बालाघाटच्या एका राईस मिलमध्ये मशीनवर होता. आधी तो रोज जाऊन-येऊन करायचा. 'आपण तिथंच राहू' हा हट्ट आम्रपालीचा. शहराच्या कडेला, भटेऱ्याच्या पलीकडे, नवी कॉलनी पडत होती, तिथं भाड्यानं दोन खोल्या मिळाल्या. कॉलनी नावापुरती. रस्ता कच्चा, नालीचं काम अर्धवट, पण प्रत्येक घराला फाटक मात्र लोखंडी आणि भलं मोठं. पहिले काही महिने तिनं फार वाईट काढले. गावच्या सवयीनं ती संध्याकाळी फाटकाशी उभी राहायची. कोणीतरी जाता जाता 'झाला काय सयपाक?' म्हणून विचारेल, या आशेनं. कोणी विचारत नसे. गाड्या यायच्या, फाटकं उघडायची, लागायची, की मग घराघरांतून कुकरच्या शिट्ट्या. कोणाच्या घरात किती माणसं आहेत हे कळायच्या आधी कोणाचा कुकर कसा ओरडतो हे तिला पाठ झालं.

एका संध्याकाळी मनसोक्त रडून झाल्यावर तिनं तोंड धुतलं. इथं कोणाच्या घरी जायला निमित्त लागतं ना, मग आपण निमित्त करू, असं तिनं ठरवलं. शहर मध्य प्रदेशातलं, म्हणून पुठ्ठ्यावर हिंदीत 'यहाँ ब्लाउज सिले जाते हैं' असं लिहून तो फाटकाला टांगला. पहिल्या आल्या त्या शाळेतल्या पुष्पलता मॅडम, मूळच्या हट्टा गावाकडच्या. मग शेजारची ललिता आली, तिचा नवरा भोजराज बसवर कंडक्टर. फिटिंग चांगलं, बोलणं गोड आणि सांगितलेल्या दिवशी कपडा तयार. शिलाईच्या धंद्यात सहसा न आढळणारा हा तिसरा गुण गल्लीला फार भावला. पुठ्ठ्याच्या जागी पत्र्याचा बोर्ड आला: 'आम्रपाली लेडीज टेलर'. गावात ती गोदाबाईची सून होती, लोकेशची बायको होती, खुशीची आई होती. स्वतःचं नाव तिला फक्त मतदानाच्या दिवशी ऐकू यायचं. इथं ते रंगवून टांगलं होतं. त्याचा तिला किती आनंद होता हे ती कोणाला सांगत नसे, पण बोर्ड रोज ओल्या फडक्यानं पुसत असे.

असं बस्तान बसतंय तोच गोदाबाईच्या डोळ्यांचं निघालं. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, दुसऱ्याला दिसेनासं होत चाललं. म्हातारीला गावात एकटं ठेवणं शक्य नव्हतं आणि लोकेश एकुलता एक.

"आई इथं राहाले तयार होत नसन, त आपल्यालेच परत जा लागन," तो एकदा जेवताना म्हणाला. त्याचंही चुकत नव्हतं, हेच आम्रपालीला जास्त लागलं.

मार्गशीर्षातल्या थंडीत गोदाबाई तपासणीसाठी म्हणून आली. सोबत शेतातला नवा चिन्नोर तांदूळ, पोतंभर. चार दिवस अंगणात बसून तिनं गल्लीचा कानोसा घेतला. पाचव्या दिवशी सुनेला म्हणाली, "लोकं गोड बोलतेत तुयाशी. ब्लाऊज शिवून नेतेत. पण आपल्या घरचं खातेत काय?"

चहासुद्धा आम्रपालीनं कोणाला आग्रहानं पाजला नव्हता. विचारायला जावं आणि नको ते कळावं, त्यापेक्षा न विचारलेलं बरं, असं तिचं चाललं होतं.

"आन बोर्डावर आडनाव काहून नाही लिवलं?"

जागा पुरणार नाही, असं तिनं पेंटरला सांगितलं होतं. स्वतःलाही तेच सांगितलं होतं.

गोदाबाईनं गावात सारा जन्म काढला होता. मोठ्या वस्तीतली माणसं त्यांच्या टोलीतल्या लग्नांना यायची, मांडवात बसायची, वरमाईची चौकशी करायची आणि जेवणाची पानं मांडली की त्यांना नेमकं कुठंतरी काम निघायचं. कोणी कधी वाईट बोललं नाही. फक्त जेवले नाहीत. आंधळेपणी अशाच माणसांत, तेही अनोळखी, येऊन पडायचं तिच्या जिवावर आलं होतं.

"नव्याचं जेवण घाल," ती म्हणाली. "साऱ्या गल्लीले चूलबंद आवतन दे. गल्ली जेवली त मी इथंच राहीन, मरंपर्यंत. नाही जेवली, त बोर्ड उतरव आन सामान बांध."

"ठरलं," आम्रपाली म्हणाली. लोकेशला दोघींपैकी कोणी विचारलंच नाही.

चूलबंद आवतन म्हणजे घरातल्या झाडून साऱ्यांनी जेवायला यायचं. त्या वेळी त्या घरात चूल पेटवायची नाही. रविवारी सकाळी आम्रपाली न्हाऊन, चांगलं लुगडं नेसून घरोघर गेली. प्रत्येक फाटकाशी सांगितलं, "आज रात को हमारे यहाँ नए चावल का खाना है. चूलबंद. घर में कुछ नहीं बनाना." सगळ्यांनी "आएंगे दीदी, जरूर आएंगे" म्हटलं. शहरात असं सगळेच म्हणतात, म्हणून त्यावर तिनं भरवसा ठेवला नाही. लोकेशनं गल्लीच्या ग्रुपवर फोनवरून निमंत्रणही टाकलं. त्यात तिनं त्याला पूर्ण नाव लिहायला लावलं: आम्रपाली लोकेश मेश्राम. होऊन जाऊ दे एकदाचं.

"पानं मांडली की बोलावण्याले तुमी जासान ना?" तिनं विचारलं. गावात सकाळी आवतन आणि सयपाक झाला की बोलावणं, अशी दोनदा हाक असते. त्यांच्या टोलीत हे काम नथ्थूकडे होतं. तो गल्लीच्या टोकाला उभा राहून असा ओरडायचा की शेजारच्या गावाचीही भूक चाळवावी.

"अवं, साडेसातचा टाईम टाकला ना ग्रुपवर," लोकेश म्हणाला. "शहर आहे हे. घरोघरी हाका मारत फिरलो त गावंढळ म्हनतीन."

तेही खरंच वाटलं तिला. गावंढळ तर दिसायचं नव्हतंच. ती पदर खोचून कामाला लागली. तुरीचं वरण, वांग्याची रस्सा भाजी, लाखोळीचे वडे, गुळाची खीर. शेवटी चिन्नोरचा गंज चुलीवरून उतरवला आणि झाकण काढलं, तसा वास फाटकाबाहेर गेला. अंगण पुरणार नाही म्हणून गल्लीतच, विजेच्या खांबाखाली, दऱ्या अंथरल्या. पत्रावळी मांडून झाल्या.

साडेसात वाजले. कोणी आलं नाही. आठ वाजत आले. दऱ्यांवर एक कुत्रं येऊन बसलं आणि खुशीनं त्याला हाकललं, एवढंच काय ते झालं. सगळी फाटकं बंद. लोकेश उगाच फोन उघडून बघत होता. आम्रपालीनं त्याच्या हातातल्या फोनवरचं निमंत्रण पुन्हा वाचलं आणि 'मेश्राम' या शेवटच्या शब्दावर तिची नजर अडकली. ज्या शेजाऱ्यांशी उद्या बोलायचं त्यांच्याविषयी आज असा संशय यावा, याची तिला लाजही वाटली आणि रागही आला.

गोदाबाई ओट्यावर बसली होती. "भात थंडा होऊन राह्यला," ती म्हणाली. आणि मग, "बांध माय सामान." त्यात जिंकल्याचा आनंद नव्हता. उलट आवाज इतका थकलेला होता की आम्रपालीला रडू फुटायचं तेच थांबलं.

"थांबा," ती म्हणाली.

ती फाटकाबाहेर येऊन उभी राहिली. काहीतरी चुकत होतं आणि ते तिला कळत नव्हतं. ही वेळ गल्लीत सगळ्यात गोंगाटाची. मॅडमच्या कुकरच्या दोन लांब शिट्ट्या, ललिताच्या छोट्या कुकरची किरकिर, पलीकडे कोणाच्या तरी कढईत पडलेली मोहरी. आज त्यातलं काहीच नव्हतं. ज्यांना यायचं नाही, त्यांनी घरी सयपाक करायला नको काय? रविवारी आठ वाजता सगळी गल्ली काय उपाशी झोपणार आहे?

"अवो," ती नवऱ्याकडे वळून ओरडली, "चुली बंद आहेत साऱ्यांच्या!"

लोकेश उठला. "थांब, मी जातो."

"नाही. मीच जातो," आम्रपाली म्हणाली. सुनेनं गल्लीत हाका मारत फिरावं, हे गावात कोणी ऐकलं असतं तर आठवडाभर चघळलं असतं. चघळू दे.

समोरच दुलीचंद राहायचे. बैहरकडे जंगल खात्यात नोकरी करून निवृत्त झालेले. ते इस्त्रीचा सदरा घालून, गळ्यात मफलर गुंडाळून, पायात बूट चढवून व्हरांड्यातल्या खुर्चीत बसले होते. बाजूला बायको, तीही नटून.

"दादा, खाना तैयार है. चलिए."

"अब आया बुलावा!" म्हातारा उसळलाच. "बिटिया, हम कब से तैयार बैठे हैं. भूख के मारे जान जा रही है."

"टाइम तो लिखा था, दादा."

"टाइम लिखा था, पर बुलाने कौन आया? बिना बुलावे के कोई किसी के घर खाने जाता है क्या? भुक्खड़ समझा है?"

आम्रपालीला हसावं की त्यांच्या पाया पडावं कळेना. ती पुढच्या फाटकाकडे अक्षरशः धावली. ललिता दारातच उभी. "मले वाटलं तुमचा सयपाकच नाही झाला. पोट्टे रडून राह्यले ना वो! बिस्किटबी नाही देल्लं, चूलबंद म्हणून." पुष्पलता मॅडम डोक्याला रुमाल बांधून बसल्या होत्या, भुकेनं त्यांचं डोकं चढलं होतं. "इतका येळ कोणी लावते काय? वर्गात अशी उशिरा आली असती त बाहेर उभी केली असती तुले." मॅडम मराठी बोलतात, हे आम्रपालीला त्या क्षणी कळलं. हळूहळू तिचा आवाज मोकळा झाला. शेवटच्या काही घरांपर्यंत ती गेलीही नाही. रस्त्याच्या मधोमध उभी राहून तिनं अशी हाक मारली की नथ्थूनंही मान खाली घालावी. फाटकं करकरत उघडली आणि ज्या माणसांनी दोन वर्षांत निमित्ताशिवाय एकमेकांच्या दारात पाऊल टाकलं नव्हतं, ती सहकुटुंब, गावच्या पंगतीला नेतात तसे हातात आपापले पाण्याचे लोटे घेऊन, बाहेर पडली.

कोपऱ्यातलं घर आलं नाही. तिथली भाभी दार अर्धवट उघडून म्हणाली, "आज मेरा उपवास है." मागून फोडणीचा वास येत होता. आम्रपाली "ठीक है, भाभी" म्हणाली आणि वळली. वाईट वाटलं. पण गल्ली एका घराची नव्हती.

पंगत बसली. गोदाबाईनं कोणाचं न ऐकता भाताचं भांडं हातात घेतलं आणि वाढायला निघाली. तिला नीट दिसत नव्हतं, म्हणून प्रत्येक पानाशी ती इतकी वाकायची की नाक वरणात जायचं तेवढं राहायचं. सगळ्यांना वाटलं, म्हातारी आग्रह करते आहे. ती काय बघते आहे हे फक्त आम्रपालीला माहीत होतं. दुलीचंद वडा मोडून खीर मागत होते. ललिताची पोरं बोलायलाही थांबत नव्हती. मॅडम बोटं चाटत म्हणाल्या, "आजी, असा चिन्नोर माह्या मायच्या घरी खाल्लता. बस करा आता." गोदाबाईनं त्यांच्या पानावर आणखी एक मूठ भात टाकला.

परत येऊन तिनं सुनेला हळूच विचारलं, "सारे आले?"

"कोपऱ्यातलं घर नाही आलं," आम्रपालीनं खरं ते सांगितलं.

"हं," गोदाबाई म्हणाली. आम्रपालीला वाटलं, संपलं. म्हातारीला नाही म्हणायला एवढं पुरेल.

पंगतीच्या टोकाला तिनं सासूसाठी पान राखून ठेवलं होतं. त्यावर गरम भात वाढून ती म्हणाली, "आई, बसा आता. जेवण झालं की डोळ्यात औषध टाकायचं आहे."

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी ललिताचा नवरा भोजराज दिसला. ड्युटीवरून थेट आलेला, अंगात खाकी, खांद्याला झोळी. भरलेली पंगत पाहून तो संकोचून मागेच थांबला. गोदाबाईला माणूस दिसला नसावा, पण पावलं ऐकू आली. तिनं आपल्यासमोरचं पान उचललं आणि त्या बाजूला सरकवलं.

"ये बाबू, बस. तुयं पान वाढून तयार आहे."

"आन तुमी कवा जेवसान?" आम्रपाली म्हणाली.

गोदाबाईनं भाताचं भांडं पुन्हा कमरेवर घेतलं. "पाहुण्याइले जेवू दे पयले," ती म्हणाली. "आपण घरचे आहो. आपण मागून जेवू."