ठमीच्या परवान्याचा पंचनामा

भिसेगावच्या ठमीनं आपल्या दवाखान्याच्या परवान्यासाठी अर्ज केला, इथवर सगळं सरळ होतं. मुंबईला ऑक्युपेशनल थेरपी शिकून आलेली पोर. आजारी माणसाला रोजची साधी कामं करायला लावून त्याचे हातपाय पुन्हा चालते करायचे, ही तिची विद्या. सुरुवातीला लोक म्हणायचे, "ही कसली डाक्टरीण? सुई नाय, गोळी नाय, वर वालाच्या शेंगा सोलायला बसवते!" पण गुण येतोय म्हटल्यावर कशेळ्याहून एसटीनं माणसं यायला लागली. आता मुंबईहून तपासणीला साहेब येणार होते. रोगी सुधारलेले दिसले तर परवाना, नाहीतर पाटी उतरवायची आणि गुमान मुंबईत नोकरी धरायची.

तिची सगळी भिस्त येसाजीकाकांवर. लकव्यानं त्यांचा उजवा हात गेला होता. आता आठ महिन्यांनी ते स्वतःची बटणं स्वतः लावत होते.

पण त्यांची बायको आनंदीबाई म्हणजे दीड शहाणी. सरकारी माणसाला आपलं वाटोळं झालेलं दिसलं तरच तो सही करतो, हा तिचा अनुभव. पुराच्या पंचनाम्याआधी बाईनं चांगली उभी भिंत लाथ मारून पाडली होती आणि मदत मिळवली होती! आताही ठमीचं भलं व्हावं म्हणून तिनं सगळ्या रोग्यांना गुपचूप पढवून ठेवलं.

साहेबांना घेऊन ठमी हसतमुखानं पडवीत आली आणि जागीच थिजली. टेंपोतून पडून खांदा मोडलेला धाकलू काल घागर उचलत होता, तो आज लुगड्याच्या झोळीत हात अडकवून "आई गं, मेलो गं" करत होता. येसाजीकाका भर मे महिन्यात घोंगडी पांघरून, तोंड वाकडं करून आडवे पडलेले.

"किती दिवस उपचार चाललाय?" साहेबांनी विचारलं.

"आठ महिने. पण साहेब, हे..."

"घास गिळवत नाय ओ त्यांना," आनंदीबाईनं सूर लावला. सकाळीच तीन भाकऱ्या रिचवल्या होत्या त्या माणसानं!

साहेबांनी पेन काढलं. "आठ महिन्यांत ही दशा? सुधारणा नाही. परवाना नामंजूर."

"नामंजूर?" काका घोंगडी फेकून ताडकन उठले. "अवो, पोरीसाठीच तर मरून पडलोय सकाळपास्नं!" आणि त्यांनी उजव्या हातानं साहेबांचं मनगट गच्च धरलं. पेन खाली पडलं.

"बघा साहेब, पकड बघा!" ठमी ओरडली.

"बाई, मीही डॉक्टर आहे," साहेब कळवळून म्हणाले. "लकव्याचा हात आपोआप आवळतो. त्याला सोडता येत नाही, तेच तर दुखणं. सोडायला सांगा."

काका चिडले की त्यांची बोटं लाकूड व्हायची, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"थांबा, मी सोडवते," म्हणत आनंदीबाई तेलाची बाटली घेऊन धावली.

"काकी, हात लावाल तर याद राखा!" ठमी कडाडली. मग काकांसमोर मांडी घालून बसली. "काका, माझ्याकडं बघा. श्वास सोडा. करंगळीपासून."

करंगळी हलली. काकांना घाम फुटला. शेजारचं बोट उघडलं, मग मधलं. चौथ्याला धाकलू झोळीतला हात काढून टाळ्या वाजवायला लागला. अंगठा तेवढा हटून बसला. साहेबसुद्धा आपलं मनगट विसरून पुटपुटले, "हां, येतंय, येतंय." आणि अंगठाही सुटला.

काकांनी वाकून त्याच हातानं पेन उचललं आणि साहेबांपुढं धरलं. साहेबांनी घेतलं तशी बोटं लगेच उघडली. साहेबांनी ओळ खोडली, नवी लिहिली, सही ठोकली.

ठमीला हुंदकाच फुटला. काही केल्या थांबेना.

आनंदीबाईनं तिला कोपरानं ढोसलं. "आता कशापायी रडतेस गं? सही झाली की!"