सोलेन काय बोलली

"तुझी पोरगी बहिरी झाली, कळलं का?"

दार उघडताच जोसलीनच्या हातांनी हे वाक्य आन्सेल्मच्या तोंडावर फेकलं. कोट तिने नंतर काढला. जोसलीन जन्माची बहिरी, आन्सेल्मही जन्माचा बहिरा. दोघं एकाच शाळेत शिकली, आणि त्या काळी शाळेत खुणा करताना सापडलं की बोटांवर पट्टी बसायची. अशी पट्टी खाल्लेले हात म्हातारपणी कुणाची भीड ठेवत नाहीत.

"नीट सांग," आन्सेल्म म्हणाला.

"नीटच सांगतेय. मोंमार्त्रच्या टेकडीच्या पायऱ्यांवर उभी आहे. आज रविवार नाही, सहज चालले होते तिथून. डोक्याला टोपी, हातात पॅड. मूकबधिर मुलांच्या शाळेसाठी सह्या गोळा करतेय. मी नेहमीसारखी पुढे गेले, विचारलं, कुठल्या शाळेतली गं तू? एरवी त्या भवान्या कशा बघतात ठाऊक आहे ना तुला? दगडासारख्या. ही नाही तशी बघत राहिली. फाडकन उत्तर दिलं. म्हणाली, जोसलीनमावशी, जा इथून."

"दुसरी कुणी असेल."

"हो का? ओदिलच्या हातांचा हेल मला कळत नाही? शब्द काढताना मनगट असं ओढून घेणारी पॅरिसमध्ये एकच बाई होती, मार्सेयची, तुझी बायको. आता ती नाही. मग उरलं कोण?"

 जोसलीन स्वतःच कॉफी ओतून घेऊन बसली.

हा सह्यांचा धंदा काय असतो ते या शहरातल्या कबुतरांनाही ठाऊक आहे. पोरगी कानाला हात लावते, तोंडावर बोट ठेवते, मान हलवते. म्हणजे मी बहिरी, मी मुकी. परगावचा माणूस विरघळतो, सही करायला वाकतो. सही झाली की पोरगी पैसे मागते, आणि वाकलेल्या माणसाच्या मागच्या खिशाशी तोवर तिचा कुणी जोडीदार पोचलेला असतो. नाव बहिऱ्यांचं, पैसे चोरांचे. खरा बहिरा चावीच्या साखळ्या विकायला कॅफेत शिरला तर लोक त्याला हाकलतात, हा वरचा नफा.

म्हणून आन्सेल्म आणि जोसलीन दर रविवारी तिथे जायची. आन्सेल्मने जन्म छापखान्यात काढला होता. यंत्रांच्या गोंगाटाचा त्रास नाही म्हणून तिथे बहिरे आवडीने घेत. त्याने स्वतः पाटी छापली होती, पाच भाषांत: खरे बहिरे रस्त्यात सह्या मागत नाहीत, पाकीट सांभाळा. पाटी तो धरायचा, परीक्षा जोसलीन घ्यायची. खुणांनी काहीही विचारायचं. खोटीला उत्तर येत नाही, आणि बघणाऱ्याला न सांगता कळतं.

आता या परीक्षेत पास होणारी एक मुलगी निघाली होती. ती आन्सेल्मची होती, आणि तिला उत्तम ऐकू येत होतं.

सोलेन हे त्या घरातलं ऐकणारं एकच माणूस. काउंटरवर हनुवटी पोचायला लागली तेव्हापासून घराचं तोंड तीच. बँकेत ती, घरमालकाशी भांडायला ती, नळवाल्याला ओरडायला ती. शाळेत बाईंनी केलेली स्वतःचीच तक्रार तिने बापाला खुणांनी सांगितली होती, अर्थातच कौतुक म्हणून. बापाने बाईंचे हात धरून आभार मानले होते. पुढे खरं कळलं तेव्हा ओदिल हसून हसून जमिनीवर बसली होती.

मग ओदिल आजारी पडली. डॉक्टर मास्कमागून बोलला, म्हणजे ओठही दिसेनात. सोलेन तेव्हा सतरा वर्षांची. ऐकलं ते तिने गिळलं आणि आईला सांगितलं, गाठ आहे, औषधाने विरघळेल. ओदिल घरी आली ती खुशीत, पडदे धुवायला काढले तिने. उन्हाळा सरायच्या आत गेली. ती मरतेय हे त्या दवाखान्यात झाडूवालीपर्यंत सगळ्यांना माहीत होतं, तिला सोडून. आणि आन्सेल्मला सोडून.

दफन झाल्यावर आन्सेल्मला कळलं. "आमच्या हातांत तू तुझे शब्द घातलेस," तो म्हणाला. "घरातून चालती हो, असं मी म्हणत नाही. पण माझ्यासमोर बोलायला हात उचलू नकोस." बहिऱ्या बापाने हे म्हणणं म्हणजे काय, ते वेगळं सांगायला नको. सोलेन गेली.

दुभाषी मागायचा हक्क असतो. कागदावर असतो. पण फुकटात राबणारी पोर समोर उभी असताना दवाखाना कशाला बोलावतोय? आणि आन्सेल्मनेही कधी मागितला नव्हता. तेही इथे लिहिलंच पाहिजे.

"पोलिसांना सांगू?" जोसलीनने विचारलं.

"मी आणतो तिला घरी. तू येऊ नकोस."

"पाटी तरी ठेव घरी, म्हाताऱ्या."

पण तो पाटी घेऊनच गेला. सवय होती.

पायऱ्यांवर ऊन होतं आणि जगभरची माणसं होती. एक लाल मानेचा धिप्पाड गृहस्थ पाटीसमोर थांबला, वाचली, मागचा खिसा चाचपला आणि आन्सेल्मला शाबासकीचा अंगठा उंचावून पुढे गेला. आन्सेल्मला बरं वाटलं. मग गर्दी हलली आणि त्याला सोलेन दिसली. वाळली होती. एका बाईपुढे पॅड धरून कानाला हात लावत होती.

ती ज्या तऱ्हेने कानाला हात लावत होती ते आन्सेल्मने ओळखलं. बाकीच्या पोरी हे सोंग वाईट करतात. ही चांगलं करत होती. ही ओदिल करत होती. अनोळखी माणसासमोर ओदिल अशीच मान जराशी झुकवायची.

"घरी चल," तो समोर जाऊन म्हणाला.

सोलेनने इकडेतिकडे पाहिलं. हातांनी बोलण्यात तिला धोका नव्हताच, उलट सोंग पक्कं होत होतं. सही करणारी बाई दोघांकडे कौतुकाने बघत होती. कुणीतरी फोन काढून चित्रण सुरू केलं.

"कुठलं घर, पपा? मी टेलिफोन होते ते?"

"टेलिफोन काय?"

"मग काय पोरगी होते? उचलला, बोलला, ठेवला. 'तू मरणार' हे आईला सांगायचं कामही टेलिफोननेच करायचं होतं ना? तुम्ही दोघं माझ्या हातांकडे बघत होतात. दोघंही. अशी आशेने. तू सांगितलं असतंस?"

आन्सेल्मने पाटी पायरीला टेकवली.

"नसतं सांगितलंस," ती म्हणाली. "मला माहितीये."

"म्हणून आता आईचे हात विकतेस?"

तिने पॅड काखेत मारलं. मग तिने हसण्याचा प्रयत्न केला. "तू काय मोठं पुण्य करतोयस? पोरं तुझ्या पाटीची वाट बघतात, पपा. रविवारी म्हातारा येतो, काम सोपं होतं म्हणतात. माणूस 'पाकीट सांभाळा' वाचतो आणि करतो काय? चाचपतो. कुठल्या खिशात आहे ते आपण होऊन दाखवतो. तीन वर्षं तू आमचं काम करतोयस, रविवारी फक्त मी येत नाही. मी तुला सांगायला येणार होते. दोनदा खालच्या दारापर्यंत आले होते."

"मग वर का नाही आलीस?"

"हात उचलू नकोस म्हणाला होतास."

तेवढ्यात आजूबाजूचे सगळे चेहरे एकाच दिशेने वळले. कुणीतरी ओरडलं असणार. आन्सेल्मने वळून पाहिलं तर तो लाल मानेचा गृहस्थ रिकामा खिसा उलटा करून धावत येत होता, थेट त्याच्याकडेच. त्याने आन्सेल्मची कॉलर धरली. पाटीकडे, खिशाकडे, पुन्हा पाटीकडे बोट करत राहिला. त्याला हिशेब बरोबर लागला होता, माणूस फक्त चुकीचा धरला होता. सोलेनच्या टोळीतली दोन पोरं केव्हाच पसार झाली होती. सोलेनही पाचसहा पायऱ्या उतरून गर्दीत मिसळली होती.

सायकलींवरून दोन पोलीस आले. तरुण होते. आन्सेल्मने कानाकडे हात नेला, मान हलवली, आणि त्याच क्षणी त्याच्या लक्षात आलं की या जागी ही खूण कुणीही खरी मानणार नाही. त्याने ओळखपत्रासाठी कोटात हात घातला. पोलिसाने तो हात पकडला.

मग पोलिसाने मान वळवली.

सोलेन परत वर येत होती. तिचे ओठ हलत होते.

आन्सेल्मने तिचा आवाज कधी ऐकला नव्हता. तो कसा आहे हे त्याला लोकांच्या चेहऱ्यांवरूनच माहीत होतं. आता त्याने तो पोलिसाच्या चेहऱ्यावर पाहिला, लाल मानेच्या माणसाच्या हात सैल सोडण्यात पाहिला. सही करणाऱ्या बाईच्या तोंडाचा आ झाला, त्यातही पाहिला. मुकी पोरगी बोलत होती.

"बोलू नकोस!" तो हात सोडवून म्हणाला. "पळ! मूर्ख पोरी, पळ!"

"गप्प बस," तिने खुणेने सांगितलं आणि तोंडाने बोलतच राहिली.

पोलिसाने तिला काही विचारलं. ती आन्सेल्मकडे वळली. किती वर्षांनी ती अशी वळली होती, त्याचं बोलणं घ्यायला. "विचारतोय, मी कोण, आणि हे पॅड कुणाचं."

आयुष्यात आन्सेल्म खोटं बोलला नव्हता. तेवढा एकच माज होता त्याला. आता त्याने श्वास घ्यायलाही वेळ लावला नाही.

"सांग, माझी मुलगी आहे. मला न्यायला आलीय. पॅड इथेच पडलेलं होतं."

सोलेन त्याच्या हातांकडे बघत राहिली. हात थांबले तरी बघत राहिली. मग पोलिसाकडे वळून बोलू लागली. बोलतच राहिली. पोलिसाने वही काढली, आणि ती अजून बोलत होती. एवढं बोलणं आन्सेल्मच्या हातांत नव्हतं.

"काय सांगतेस?" त्याने तिचा खांदा हलवला. "मी म्हटलं तेवढंच सांग!"

तिने हात उचलले. "पपा, मी..."

तेवढंच. दुसऱ्या पोलिसाने तिचे दोन्ही हात मागे घेतले आणि बेड्या घातल्या. त्याने त्याचं काम केलं. बोलण्यापासून आपण कुणाला अडवतोय हे त्याच्या गावीही नव्हतं. पोरीचं तोंड तर मोकळंच होतं.

आणि ती तोंडाने बोलू लागली, बापाकडे बघून. मानेच्या शिरा फुगल्या होत्या, म्हणजे मोठ्याने बोलत असणार. छापखान्याचा मालक, नाक्यावरचा पाववाला, इमारतीतली खालची पहारेकरीण, सगळ्यांचे ओठ आन्सेल्मला थोडेफार वाचता येत. सोलेनचे येत नव्हते. तिला त्याच्याशी तोंडाने बोलायची गरजच कधी पडली नव्हती. तो तिच्या तोंडाकडे डोळे फाडून बघत राहिला. एक शब्द कदाचित 'आई' होता. कदाचित नव्हता.

तिला खाली घेऊन गेले. ती वळूनवळून बोलत होती. मग खाली येऊन थांबलेल्या पोलीसगाडीचं दार लागलं.

लाल मानेच्या माणसाने आन्सेल्मच्या पाठीवर थोपटलं, माफी मागितल्यासारखं. आन्सेल्मने त्याची बाही धरली, गाडीकडे बोट केलं, स्वतःच्या ओठांकडे केलं. काय म्हणाली ती? त्या माणसाला समजलं नाही. बाही सोडवून तो गेला.

पायऱ्यांवर तीच माणसं होती. सगळ्यांनी ऐकलं होतं. हजारो मैलांवरून उडून आलेल्या, उद्या परत जाणाऱ्या माणसांनी ऐकलं होतं. आन्सेल्मने खिशातून कागद काढला, त्यावर लिहिलं, 'माझी मुलगी काय म्हणाली?' आणि पेनासकट तो कागद जवळच्या बाईपुढे धरला. दुसरा हात कानाकडे नेला. मान हलवली.

बाईने पर्स छातीशी घेतली आणि बोट नाचवून नाही म्हटलं. तिच्यामागच्या जोडप्याने तर नजरही दिली नाही. एका बापाने आपल्या लहान मुलीला ओढून दुसऱ्या बाजूला घेतलं आणि जाता जाता तिला काहीतरी समजावलं. सगळे शहाणे झालेले होते. सही करू नका, थांबू नका, डोळ्याला डोळा देऊ नका.

आन्सेल्म एक पायरी उतरला आणि कागद पुढच्या माणसासमोर धरला.