बुडबुडा मध्येच आहे

मी पाणसळ बोलतेय. जमीन-भिंत सरळ आहे का ते सांगणारी, पोटात बुडबुडा असलेली चार फुटी पट्टी. सांगते ते शंभर टक्के खरं, शप्पथ. म्हणजे सूतभर इकडेतिकडे धरून चाला. का, ते कळेलच.

अमेरिकेतल्या डुलुथ गावच्या कर्ट हॉगननं मला घेतलं ते तळघरात खोली करायला. घर डोंगरउतारावर, तळघराला मागून सरळ दार. तिथं त्याचा सासरा एल्मर राहणार होता. नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या सणाआत खोली झाली तर लेकीकडे, नाहीतर वृद्धाश्रमात. बायको मार्लिसनं एवढंच बजावलं होतं. कंत्राटदारानं अकरा हजार डॉलर सांगितले. कर्ट म्हणाला, हॅ, मीच करतो, तीन हजारांत, चार शनिवारांत.

पहिल्याच शनिवारी मी त्याच्या हातून जिन्यावरून पडले. बाराच्या बारा पायऱ्या. पोटातली नळी तिरकी झाली. मला त्याच जागी टोकं बदलून ठेवलं असतं, तरी बुडबुडा हलून कळलं असतं. नाही बघितलं.

मग माझ्या भरवशावर त्यानं अख्खी लाकडी जमीन घातली. लाकूड दोनदा आणलं. एका स्क्रूपायी दुकानात सात चकरा. मधेच पाण्याचा पाइप फोडला. चार शनिवारांचे अकरा झाले, तीन हजारांचे बारा.

दार बसवलं, ते आपापलं उघडायचं. मार्लिस म्हणाली, "अरे, हे दार फिरायला जातंय."

कर्टनं मला टेकवलं. "बुडबुडा मध्येच आहे. घरच वाकडंय."

आमच्याकडे तोंडावर कुणी वाईट बोलत नाही. शेजारचा डेल खोली बघायला आला. खिडकीच्या कट्ट्यावर कॉफीचा कप ठेवला, कप निघाला. डेलनं पकडला, परत ठेवला, परत पकडला. "वेगळं आहे," म्हणाला आणि घरी गेला. आमच्याकडे याहून मोठी शिवी नाही.

थँक्सगिव्हिंगच्या आदल्या दिवशी एल्मर आला. चाळीस वर्षं सुतारकाम केलेला माणूस. त्यानं मला उचललं, जमिनीवर ठेवलं, मग फिरवून ठेवलं. बुडबुडा पळत कोपऱ्यात गेला.

कर्ट पांढराफटक. "उद्याच उखडतो सगळं."

"आणि बाबा तोवर कुठे राहणार?" मार्लिसनं विचारलं. उत्तर तिघांनाही माहीत होतं.

एल्मर खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. मग काठी हातावर अडकवली. खुब्याच्या ऑपरेशननंतर त्याचा डावा पाय जरा आखूड झालाय, आणि तिथं जमीन डावीकडे नेमकी तेवढीच उंच.

"बाबा?"

"थांब जरा. चार वर्षांनी सरळ उभा राहतोय." मग जावयाकडे न बघताच म्हणाला, "एका फळीला हात लावलास तर बघ."

आता त्याचा पलंग, टीव्ही, खुर्ची, सगळं खिडकीच्या दिशेला. संडासला मात्र तो उलटा चालत जातो. कर्ट सगळ्यांना सांगतो, हे आधीपासून असंच ठरवलं होतं.

त्यानं आता भिंतीवर सरळ रेघ पाडणारं लाल उजेडाचं यंत्र घेतलंय. म्हणून मी आज गॅरेजसमोर, विकायला काढलेल्या जुन्या सामानाच्या टेबलावर, फुटक्या टोस्टरशेजारी. गोष्ट ऐकता ऐकता तुम्ही मला तीनदा हाताळलंत, आता खाली ठेवू नका. पोटावर किमतीची चिठ्ठी आहे, दोन डॉलर. खिशातून काढा. घरी कुणी लंगडत असेल तर फारच स्वस्त पडेन.

पैसे एल्मरकडे द्या. तो बघा, उताराला आडवा, अगदी ताठ उभा आहे.