भागीरथीचं सुतक

सुरतेतल्या उधन्याच्या विठ्ठल मंदिरात सप्ताह बसायला दोन दिवस उरले होते. त्या सकाळी श्रीरंग देवऱ्यांनी, म्हणजे आप्पांनी, चहा पिता पिता बायकोला सांगून टाकलं, की या पुस्तकात भागीरथी मरणार.

वत्सलाबाईंनी बशीतला चहा संपवला. मग विचारलं, "कशानं?"

"म्हातारपणानं."

"बरं. आणि सुतक किती दिवसांचं धरायचं?"

आप्पांनी हसण्यासाठी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. वत्सलाबाई बाकी कशाचीही थट्टा करत, देवाधर्माची करत नसत.

भागीरथी ही म्हैस होती, आणि कागदावरची होती. आप्पांनी लिहिलेल्या आणि चितारलेल्या पहिल्या पुस्तकात ती रस्त्याच्या मधोमध बसते. एसटी थांबते, वरात थांबते, कलेक्टरसाहेबांची गाडी थांबते. कुणी हाकतं, कुणी विनवतं, कुणी भाषण करतं. भागीरथी रवंथ करते. शेवटी सगळ्यांना भूक लागते आणि वरातीतले लाडू वाटून सगळे तिच्याभोवती पंगत मांडतात. संपलं पुस्तक. त्यानंतरच्या पुस्तकांत ती शाळेत बसली, पोलीस ठाण्यात बसली, एका मंत्र्याच्या मांडवात बसली. कुठल्याही पुस्तकात तिनं काहीही केलं नाही. पहिल्या पुस्तकावर वाढलेली पोरं आता आपल्या नातवंडांना तेच पुस्तक वाचून दाखवत होती. एका विद्वानानं लेख लिहून विचारलं होतं, की ही म्हैस नेमकी कशाचं प्रतीक आहे. आप्पांनी पोस्टकार्डावर उत्तर धाडलं होतं : "दुधाचं."

पोटासाठी खानदेशातून आलेल्या आप्पांनी उधन्याच्या साडीछपाईच्या गिरणीत जन्मभर डिझाइनं काढली. पदर, काठ, बुट्टे, आणि फुलं तर इतकी, की शेवटी त्यांना बागेतून जायचा कंटाळा यायचा. दिवसभर फुलं काढणाऱ्या माणसाला संध्याकाळी म्हैसच काढावीशी वाटते, असं ते म्हणत, आणि ते खरंच होतं. पण गिरणीच्या पाळ्यांमुळे हात कायम अपुरा पडे. म्हणून पहिल्या पुस्तकापासून कामाची वाटणी झाली होती. म्हशीची कड आप्पा काढत आणि आतलं काळं वत्सलाबाई भरत. स्वयंपाकघर आवरलं, की पाटावर कागद, वाटीत शाई, हातात ब्रश आणि ओठांवर नाम. एका म्हशीला दोन-तीन अभंग लागत. घाईत भरलेली म्हैस ओळखू येते, असं त्यांचं म्हणणं होतं. तिच्या पाठीवर चकाकी येत नाही.

मग अशा म्हशीला मारायचं कशासाठी? त्यालाही कारण होतं.

आप्पांच्या डोळ्यांचा मधला भाग गेला होता. डॉक्टर म्हणाले, कडेकडेचं दिसत राहील, मधलं नाही. समोर बसलेल्या माणसाचे कान दिसत, तोंड दिसत नसे. चित्र काढताना ते नजर कागदाबाहेर ठेवत आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून रेघ पकडत. महिन्यागणिक मधला डाग मोठा होत होता. हे कळल्यावर पुण्याच्या प्रकाशकांनी अतिशय आदरानं सुचवलं होतं, की आप्पांच्या पश्चात भागीरथी पुढे चालू राहावी. दुसरे चित्रकार काढतील. टीव्हीसाठीही विचारणा आहे. त्यात ती नाचेल.

"नाचेल?" आप्पांनी फोनवर विचारलं होतं.

"मुलांना हालचाल आवडते, आप्पा."

आप्पांनी फोन ठेवला आणि त्याच दिवशी भागीरथीचं मरण नक्की केलं. मेलेल्या म्हशीला कुणी नाचवत नाही. पुस्तकाची सगळी पानं तयार होती, शेवटचं तेवढं राहिलं होतं. ते न्यायला प्रकाशकांची अपर्णा तीन दिवसांनी पुण्याहून यायची होती, कारण शाळा उघडायच्या आत पुस्तक बाजारात यायला हवं होतं.

"आठ दिवस थांबा," वत्सलाबाई म्हणाल्या. "सप्ताह होऊन जाऊ दे. यंदा काल्याची आरती आपल्या घराकडे आहे. इतक्या वर्षांनी आली आहे. सुतकात मी देवाला ओवाळू?"

"अगं, म्हशीचं सुतक असतं का?"

"घरच्या माणसाचं असतं."

"ती माणूस नाही. ती खरी म्हैसही नाही. कागद आहे तो."

"देव्हाऱ्यातली तसबीरसुद्धा कागदच आहे," असं म्हणून वत्सलाबाई कपबशा घेऊन आत गेल्या.

बातमी पसरायला उधन्यात वेळ लागत नाही. दुपारी शेजारच्या नवागामहून धुडकू आला. त्यानं कापडाच्या लूमवर उभ्यानं आयुष्य काढलं होतं, आणि त्याची तिन्ही पोरं भागीरथीवर अक्षरं शिकली होती. दुखवट्याला जातात तसा डोक्यावर टॉवेल घेऊन तो उंबऱ्यापाशी टेकला.

"आप्पा, आयकं ते खरं शे का?"

"अजून मेली नाही."

"मंग आजारी शे का?"

"नाही."

"मंग कसाले मारी ऱ्हायनात तिले?"

याचं उत्तर आप्पांकडे होतं, पण ते लांबलचक होतं. वत्सलाबाईंनी चहा आणला. धुडकूनं हात जोडले. अशा घरी चहा घ्यायचा नसतो, असं म्हणाला आणि उठून गेला.

सप्ताह बसला त्या दिवशी संध्याकाळच्या कीर्तनाआधी वत्सलाबाईंनी महेशबुवांना गाठलं. बुवा धुळ्याकडचे, आवाज खणखणीत, चेहरा असा की विनोद करताना आणि तेराव्याचं सांगताना सारखाच दिसावा. ते फेटा बांधत होते. वत्सलाबाईंनी नमस्कार केला आणि सगळं पहिल्यापासून सांगितलं. बुवांनी फेट्याचा पदर दातात धरून शांतपणे ऐकून घेतलं. शेजारचे टाळकरी पैठणच्या रेड्याचा दाखला द्यायला पुढे सरसावले, तसा बुवांनी हात वर केला. "तो रेडा होता, आणि तो जिवंत होता. त्याला यात आणू नका." मग त्यांनी वत्सलाबाईंना विचारलं, "ताई, ती तुमच्या घरचं खात होती का?"

"नाही बुवा. आम्हीच तिचं खाल्लं. आमचा फ्रिज तिचा, थोरलीचं लग्न तिचं."

"मग नातं आहे," बुवा म्हणाले. "पण मृत्यू कधी झाला असं धरायचं, हा प्रश्न आहे. चित्र पुरं झाल्याशिवाय मरण नाही. नुसती कड काढली, तर ती कुणाचीही म्हैस. काळं भरून शाई वाळली, की ती भागीरथी. तिथून सुतक."

आप्पा मागे उभे होते. त्यांना बुवांच्या फेट्याचा तुरा आणि धोतराचा काठ एवढंच दिसत होतं. हा माणूस थट्टा करतो आहे की काय, हे त्यावरून कळायला मार्ग नव्हता.

दुसऱ्या दिवशी अपर्णा आली. तरतरीत मुलगी. आल्या आल्या तिनं दोघांना वाकून नमस्कार केला आणि शेवटचं पान बघायला मागितलं. आप्पांनी सकाळीच कड काढून ठेवली होती. भागीरथी आडवी पडली होती, चारी पाय ताठ, शिंगं वर. रेघ उत्तम होती.

"आप्पा, मुलं रडतील हो."

"रडू देत. रडून झोप चांगली लागते."

"ऑफिसमध्ये सगळ्यांना वाटत होतं, की तुमचं मन बदलेल."

"म्हणूनच बदलणार नाही." आप्पांनी कागद वत्सलाबाईंकडे सरकवला. "घे. भर."

वत्सलाबाईंनी कागदाकडे पाहिलं. रागावल्या की त्या माहेरच्या अहिराणीत जात. "तुम्हनी कड तुम्ही मारा," त्या म्हणाल्या. "काळं मन्हं शे. मन्ही म्हैस मराव नही."

"अगं, अपर्णा जायची आहे उद्याच्या गाडीनं!"

"तर पांढरी न्या म्हणावं. पांढरी म्हैस पुण्यात चालत असेल." मग अपर्णाकडे वळून त्या एकदम मऊ आवाजात म्हणाल्या, "चल बाळा, कीर्तनाला. इथं बसून काय करशील? हा माणूस आता रात्रीपर्यंत बोलणार नाही."

दोघी गेल्या. आप्पा एकटे उरले. मंदिराचा भोंगा नेमका त्यांच्या खिडकीकडे तोंड करून बांधला होता, त्यामुळे कीर्तनाला न जाण्याचा फायदा कुणालाच होत नसे. बुवांनी नमन संपवून अभंग धरला. आप्पांनी वाटीत शाई ओतली. काळं भरायला असं काय लागतं? जन्मभर बायको भरत आली, आज आपण भरू.

त्यांनी आधी पाठ भरली. नजर खिडकीच्या गजावर ठेवून ब्रश फिरवला. पाठ ठीक झाली. मग पोट. पोट मधोमध होतं, आणि मधोमध काहीच नव्हतं. तिथं नुसता करडा डाग. ब्रश त्या डागात शिरला तो कुठे गेला, ते आप्पांना कळलं नाही. ब्रश बाहेर काढून पाहतात तर काळं कड ओलांडून पसरलं होतं. ते आवरायला गेले तर पाय बुडाले. एक पाय वाचवायचा म्हणून शाई उजवीकडे ओढली, तर शेपूट गेलं. वाटी कलंडली, तेव्हा भोंग्यातून बुवा म्हणत होते, "जीव म्हणतो मी करतो, मी करतो!" आप्पांनी भोंग्याकडे रागानं पाहिलं.

कागदाचा खालचा सगळा भाग काळा झाला होता. गिरणीत रंग असा फुटला तर कापड फेकून देत नसत. मास्तर यायचे, बघायचे आणि म्हणायचे, देवरे, आता याचं काय होतंय ते बघ. आप्पा खुर्ची मागे सरकवून बसले. मान तिरकी केली. कोपऱ्यातून त्यांना दिसलं, की काळ्याच्या वर दोनच गोष्टी शिल्लक आहेत. शिंगं.

मंदिरात पूर्वरंग संपला. बुवांना हार-बुक्का होत होता, टाळ वाजत होते. नुसती शिंगं मेलेली दिसत नाहीत, हे आप्पांच्या ध्यानात आलं. मेलेल्या म्हशीला पाय लागतात. पाय तर बुडाले. ही बया पाण्यात बसली होती.

आप्पांनी स्वतःला विचारलं, की आपल्याला तिचं मरण हवं होतं का. तर तसं नव्हतं. तिला कुणी नाचवू नये, एवढंच हवं होतं. आणि पाण्यात गेलेली म्हैस कुणाच्या बापाच्यानं बाहेर निघत नाही, हे खानदेशात लहान पोरालाही ठाऊक असतं. आता प्रकाशकांनी कितीही चित्रकार आणले तरी काढायला उरलं काय? दोन शिंगं.

त्यांनी पांढरा रंग घेतला. शिंगांपुढे दोन नाकपुड्या काढल्या, एक कान काढला, कानाभोवती पाण्याचं एक वलय. सगळं कडेकडेनं होतं, म्हणून सगळं जमलं. खाली ओळ लिहिली : "ऊन फार झालं. भागीरथी डोहात जाऊन बसली."

आरती घेऊन दोघी परतल्या. अपर्णानं कागद दिव्याखाली धरला. तिचा चेहरा आधी उजळला, मग कामाचा झाला. "छानच! म्हणजे पुढच्या पुस्तकात ती बाहेर येणार?"

"येणार नाही."

"पण टीव्हीवाल्यांना मी काय सांगू?"

"कान हलवा म्हणावं. माशी आली तर."

अपर्णा पलंगावर बसली आणि हसायला लागली, ती बराच वेळ थांबेना. "पाण्यात म्हैस आणि बाहेर मोल. साहेब मला ओरडणार आहेत, आप्पा."

वत्सलाबाई कागदाला नाक लावून पाहत होत्या. "हे काय भरलंय? पट्टे पट्टे. असं पाणी असतं का?" त्यांनी पदर खोचला, पाट ओढला, वाटी सरळ केली.

"भरतेस?" आप्पांनी विचारलं.

"मग? अशी सोडू तिला?" आणि त्या ओठांतल्या ओठांत नाम घेत डोह भरायला बसल्या.

"आणि सुतकाचं काय?"

"आंघोळीला गेलेल्या बाईचं कसलं सुतक. सरका, उजेड अडतोय."

काल्याच्या दिवशी वत्सलाबाईंनी आरती केली. ताट धरायला आप्पांना बाजूला उभं केलं होतं. त्यांना विठ्ठलाची कोपरं दिसत होती, कमरेवरचा हात दिसत होता, आणि तेवढ्यावर त्यांचं समाधान होतं. महेशबुवांनी प्रसादाचा लाडू देताना विचारलं, "घरी सगळं ठीक?" आणि वत्सलाबाईंनी सांगितलं, "ठीक, बुवा. पाण्यात आहे." बुवांनी मान हलवली, जणू अशी उत्तरं त्यांना रोज मिळतात.

पंगतीत धुडकू आप्पांशेजारी बसला. बातमी त्याच्यापर्यंत पोचली होती, पण त्याला ती मुळाकडून ऐकायची होती.

"आप्पा, ती बाहेर कव्हय निंघी?"

"ऊन उतरलं की."

"कोठलं ऊन?"

"आपलं. सुरतेचं."

धुडकूनं विचार केला. इतकी वर्षं तो सुरतेत राहत होता, पण इथलं ऊन उतरलेलं त्यानं कधी पाहिलं नव्हतं. त्यानं टॉवेल डोक्यावरून काढून खांद्यावर टाकला, द्रोण पुढे केला आणि वाढप्याला म्हणाला, "टाक रे, अजून टाक."